थांबला तो जिंकला?

"थोडं थांब, किंमत उतरेल" हा घरोघरचा सल्ला. पण मंडळी, ग्राफिक्स कार्डाला तो लागू पडेलच असं नाही. २०१६ साली ५९९ डॉलरला आलेलं जीटीएक्स १०८० वर्षाच्या आत ४९९ वर उतरलं. थांबणारे जिंकले! २०२० मधलं ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० मात्र २०२१ मध्ये दुप्पट भावाने विकलं जात होतं. चिपांचा तुटवडा, त्यात ईथर हे आभासी चलन 'खणणाऱ्यांची' झुंबड. २०२२ मध्ये ईथरचा भाव कोसळला, तेव्हा कुठे कार्डं उतरली. म्हणजे किंमत कार्डाच्या वयावर नाही, दुसऱ्याच कुणाच्या हावेवर ठरते. म्हणून माझं मत: नुसतं खेळायला हवं असेल तर खुशाल थांबा. पण भाचरांना शिकायला हवं असेल तर थांबवू नका. वाचलेले पैसे दिसतात, वाया गेलेलं वर्ष दिसत नाही.