स्वप्रकाशित लेखकाला हवा नकार देणारा संपादक

पुस्तक काढणे ही आता केवळ प्रकाशकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट राहिलेली नाही. मागणीनुसार छपाईच्या तंत्रामुळे मोजक्या प्रतीही निघू शकतात, ई-पुस्तकाला कागदही लागत नाही आणि आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. साहजिकच आत्मकथने, कवितासंग्रह, प्रवासवर्णने स्वखर्चाने प्रसिद्ध करण्याकडे अनेकांचा कल आहे. मात्र छपाई, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभ यांचा हिशेब आधी मांडला जातो. संपादनाचा खर्च त्यात शेवटी येतो किंवा येतच नाही.

मराठीला संपादनाची परंपरा नाही, असे नव्हे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘मौज’ आणि १९८२ साली बंद पडलेले ‘सत्यकथा’ यांच्या माध्यमातून लेखकाशी चर्चा करून, प्रसंगी पुनर्लेखन करवून घेऊन साहित्य घडवण्याची पद्धत रुजवली. या पद्धतीमागे एक व्यावहारिक कारणही होते. पुस्तकात पैसा प्रकाशकाचा गुंतलेला असे. त्यामुळे हस्तलिखित परत पाठवण्याचा अधिकार संपादकाकडे होता.

स्वप्रकाशनात हे नाते नेमके उलटे होते. ज्याला नकार ऐकवायचा, तोच मानधन देणारा असतो. ‘संपादनापासून वितरणापर्यंत सर्व काही’ असे एकत्रित दर सांगणाऱ्या सेवांचे हित पुस्तक लवकर छापून होण्यात असते, ते थांबवण्यात नव्हे. स्वप्रकाशित पुस्तकांच्या दर्जाविषयीच्या तक्रारीचे मूळ लेखकाच्या कुवतीपेक्षा या व्यवहारात अधिक आहे.

प्रस्थापित प्रकाशनसंस्थांबाहेर राहणे म्हणजे साक्षेपाबाहेर राहणे नव्हे. अरुण कोलटकर यांचे संग्रह अशोक शहाणे यांच्या छोटेखानी ‘प्रास प्रकाशन’ने काढले. त्यांपैकी ‘भिजकी वही’ला २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संस्था लहान होती, पण भाषेची जाण असलेला माणूस कवीसोबत होता.

तीन कामे वेगळी

संपादक शोधण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे, हे लेखकाने ठरवायला हवे. आशयसंपादनात रचना, पुनरुक्ती, अनावश्यक प्रकरणे यांचा विचार होतो. भाषासंपादनात वाक्यरचना आणि शैलीतील सुसंगती तपासली जाते. मुद्रितशोधन हे अखेरचे काम होय. ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘दिन’ आणि ‘दीन’ या जोड्यांतील दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणकाची शुद्धलेखन तपासणी तेथे सहज फसते. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, ते वेगळेच. अनेक लेखक केवळ मुद्रितशोधन करून घेतात आणि पुस्तक संपादित झाले, असे मानतात.

निवडीची कसोटी

आपल्या पुस्तकाच्या जातकुळीतील चार-पाच चांगली पुस्तके घेऊन त्यांची श्रेयनामावली आणि मनोगत वाचणे, हा शोधाचा सोपा मार्ग आहे. संपादकाचा उल्लेख अनेकदा ऋणनिर्देशातच सापडतो. कवितांचा जाणकार संशोधनपर ग्रंथाला न्याय देईलच, असे नाही.

त्यानंतर संपूर्ण हस्तलिखित सोपवण्याऐवजी एक प्रकरण रीतसर मोबदला देऊन तपासून घ्यावे. परत आलेल्या पानांवर किती लाल खुणा आहेत, यापेक्षा त्या का केल्या, हे महत्त्वाचे. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये १४ होते, १९७२ मध्ये ते १८ झाले. संपादकाला ते ठाऊक हवेतच. पण वऱ्हाडी आजीच्या किंवा मालवणी खलाशाच्या तोंडचे बोल जो पुस्तकी प्रमाणभाषेत ‘सुधारतो’, तो नियम जाणूनही लेखन जाणत नाही. पात्रांच्या बोलण्यातील उच्चारानुसारी, अनुस्वारयुक्त रूपांना तर हे नियमही मोकळीक देतात.

सर्वच उत्तम आहे, असा अभिप्राय देणारा संपादक टाळलेला बरा. त्याचप्रमाणे लेखकाचा आवाज पुसून स्वतःचा आवाज घालणाराही टाळावा. अमुक प्रकरण गाळा, असे सांगून त्याचे कारण पटवून देणारा संपादक मिळाला, तर शोध संपला, असे समजावे.

करार लेखीच हवा

कामाचे स्वरूप, किती फेऱ्या, मुदत आणि टप्प्याटप्प्याने द्यावयाचे मानधन कागदावर असावे. लेखनाचा कॉपीराइट संपादकाकडे जाणार नाही, हेही त्यात स्पष्ट असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच करावे लागते. त्यामुळे ‘सर्व काही’ देणाऱ्या सेवांच्या छापील करारातील बारीक अक्षरे सही करण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे. शेवटचा निर्णय लेखकाचा, पण संपादकाचे आक्षेप लेखी नोंदले जातील, अशी एक अट घातल्यास नकाराचा अधिकार काही प्रमाणात परत येतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पुस्तकांचा दर्जा मात्र कोणत्याही सरकारी निर्णयाने मिळत नाही. प्रकाशकाची जागा स्वतः घेणाऱ्या लेखकाने त्याची जबाबदारीही घेणे भाग आहे. त्यासाठी प्रकाशन समारंभाच्या खर्चाला थोडी कात्री लागली, तरी वाचकाची तक्रार असणार नाही.