अमर शेख: बार्शीचा आवाज, सांताक्रूझचे अध्यासन
मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, 1916 साली बार्शीत जन्मले. लोकगीताची पहिली शाळा घरातच होती: आई मुनेरबी यांच्या ओव्या. पुढे मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. गाणे शिकवायला बुवा मिळाला नाही, पण मिळाला असता तर तो पहाडी आवाज बहुधा चौकटीत बसला असता. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाती डफ घेऊन त्यांनी मैदानेच्या मैदाने पेटवली.  शाहिरीचे खरे घर सभाच. ‘प्रपंच’ चित्रपटातली भूमिका आणि ‘कलश’ हा कवितासंग्रह या त्या शाहिरीच्याच फांद्या. 1969 मध्ये अपघाताने हा आवाज थांबला. आज त्यांच्या नावाचे अध्यासन मुंबई विद्यापीठात आहे. विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात. तिथल्या लोककला अकादमीत तरुण मुले शाहिरी आणि पोवाडा रीतसर शिकतात.