गंज्यांमधले अंतर

पिंपळगाव राजाच्या बाजारात चहाचे दहा रुपये फोनवरून दिले, की निरोप गिऱ्हाइकाच्या बँकेतून, बँकांमधले असे व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे आणि तिथून चहावाल्याच्या बँकेत जातो. ‘पैसे आले’ हे ऐकू येईपर्यंत चहा निवतही नाही. या वाटेवर बँकांच्या पाट्या वेगवेगळ्या दिसतात. पण लहान बँकांना स्वतःची संगणकयंत्रणा परवडत नाही, त्यामुळे कित्येकींचे काम पडद्याआड एकच कंपनी सांभाळते. जाळ्याची खरी जोखीम असते ती अशा सामायिक गाठींपाशी.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, एकूण ९४ कोटी रुपये गेले. रक्कम प्रचंड, पण झळ एका बँकेपुरती. ३१ जुलै २०२४ ला उलटे घडले. सहकारी व ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कोंडून खंडणी मागणारी प्रणाली, शिरल्याचा संशय येताच एनपीसीआयने तिची जोडणीच तोडली. सुमारे ३०० बँकांचे ग्राहक अडकले. देशाच्या व्यवहारांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. ज्याचे एकुलते खाते तिथेच, त्याचे मात्र सगळेच थांबले. दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर जोडणी पूर्ववत झाली.

खामगावकडच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या अंतर राखून घालतात; ठिणगी पडलीच तर एक गंजी जाते, आवार वाचते. जोडणी तोडण्यामागचा हिशेब तोच. फरक इतकाच, की गंज्यांमधले अंतर डोळ्यांना दिसते. जाळ्यातले दिसत नाही; म्हणून बँक कोणावर विसंबून आहे, तो पुढे कोणावर, याची यादी आधीच हाताशी असावी लागते. तोडायचा अधिकार कोणाचा, हेही. रात्री दोनला बैठक बोलावून ते ठरत नाही.

सगळीकडे एकच सॉफ्टवेअर असले, की त्या सारखेपणाचा धोका निराळा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट जगभर एकदम गेले आणि विंडोजचे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले, तरी बंद पडलेल्या कित्येक यंत्रांपुढे बसून त्यातली सदोष फाइल हाताने पुसावी लागली. आधी थोड्या यंत्रांवर चालवून पाहावे, तर तेवढा वेळ बाकीची यंत्रे चोरांना उघडी राहतात. किती थांबायचे, ते दर वेळी नव्यानेच ठरते.

एकाच पुरवठादारावर भार एकवटण्याची जोखीम तपासा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. सामायिक यंत्रणेवाचून ज्यांचे पान हलत नाही, त्या पहिल्या दोन स्तरांतल्या लहान नागरी सहकारी बँका त्यांतून वगळल्या होत्या.