आधी मोजा, मग पेच फिरवा

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. मापात खोट करणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण मोजमाप कारागिराच्याही रोजीचा पाया आहे, हे आम्हाला एका एअर रायफलने शिकवले.

आमची पुतणी 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. याच प्रकारात 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले आणि 2022 साली ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील कैरोला जगज्जेते झाले. पुतणीचे नेम चांगले बसत होते, पण थोडी विश्रांती घेतली की पहिला छर्रा हटकून वर जाई. कोणी म्हणाले, हात हलतो. एका दुरुस्तीवाल्याने रेग्युलेटरचा पेच दोनदा कसला, दोनदा पैसे घेतले. दोष तसाच राहिला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! पोरगी खेळ सोडण्याच्या गोष्टी करू लागली.

शेवटी आमच्या मोहल्ल्यातील फ्रीज दुरुस्त करणारा कारागीर मदतीला आला. त्याने पेचाला हातच लावला नाही. आधी वेग मोजायचे यंत्र मागवले. सलग पाच छर्रे सेकंदाला 171-172 मीटर वेगाने गेले. दहा मिनिटे थांबून सहावा सोडला, तो 181! दहा मीटरवर एवढ्या फरकाने छर्रा सुमारे दोन मिलिमीटर वर लागतो. दहा गुणांचा ठिपका तर अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे कसूर हाताची नव्हती.

रेग्युलेटरचे काम साधे आहे. सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो. रेग्युलेटर तो कमी करून प्रत्येक वेळी सारखाच पुढे देतो. आत बशीच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर आणि एक पिस्टन असतो. ठरलेला दाब भरला की पिस्टन सरकतो आणि सीटवर बसून वाट बंद करतो. सीटवर कचरा किंवा ओरखडा असेल तर हवा झिरपत राहते आणि थांबल्यावर दाब चढतो. आमच्या रायफलीत तेच झाले होते. सीट बदलली, ओ-रिंग नवी घातली, काम झाले.

प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते. रेग्युलेटरच्या बारीक छिद्रातून हवा येत असेल तर ओ-रिंग पाहा. भराभर सोडलेल्या छर्ऱ्यांचा वेग उतरत असेल तर पिस्टन अडखळतो आहे किंवा वाट तुंबली आहे. सिलिंडर ठरलेल्या दाबाच्या खाली गेल्यावर वेग पडला तर तो दोषच नव्हे, हवा भरा. आणि पेच कसला की वेग वाढतोच, हा गैरसमज आहे. दाब फार झाला तर हातोडीला झडप पुरती उघडत नाही आणि वेग उलट घटतो. म्हणून दोष काढल्यावरच पेच लावावा. थोडा फिरवावा, वीस छर्रे मोजावेत, वहीत लिहावे.

मात्र ही हवा खेळण्याची वस्तू नाही. ट्रकच्या टायरपेक्षा पंचवीसपट दाब असतो. सिलिंडर काढून, आतली उरलेली हवा सोडून मगच पाना लावावा. साधे तेल कधीही घालू नये, ते पेट घेऊ शकते. सिलिकॉन ग्रीस पुरते. मुदत संपलेले सिलिंडर भरूच नये.

कारागीर बांधवांनो, लेथ, कॉम्प्रेसर, फ्रीज यांवर बसलेले हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. हुन्नर आहे, कमी आहे ती मोजण्याच्या सवयीची. लहान शहरांतही आता रेंज दिसतात, रायफली बहुधा जर्मनी-ऑस्ट्रियाच्या, आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही. हे काम आपल्याकडे येऊ शकते. पण अंदाजपंचे पेच फिरवणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. आमच्या धंद्यात गज, तुमच्या धंद्यात गेज. दोन्ही खरे असले की बरकत आपोआप येते.