पोटातल्या बाळाचा उपवास



प्रायश्चित्तकाळ जवळ आला की आम्हा धर्मशिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : गरोदर सुनेने राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवास धरायचा का? विचारणारी बहुधा सासू असते. उत्तर सोपे आहे. नियम १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया त्यातून मोकळ्या आहेत.

खरे सांगायचे तर त्या दोन दिवसांची आम्हाला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती बाकीच्या ३६३ दिवसांची. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर पातेल्यात उरेल ते तिने खायचे, ही रीत आपल्या ख्रिस्ती घरांतही आहे. वर सल्ला असा, की जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण जड जाईल.

पोटातल्या बाळाची फुप्फुसे अजून कामाला लागलेली नसतात. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्नरस वारेतून झिरपून नाळेवाटे त्याच्याकडे जातो. दोघांचे रक्त मात्र एकमेकांत मिसळत नाही. बाळाचे हिमोग्लोबिनही देवाने वेगळे घडवले आहे. ते आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरते, म्हणून थोडा असला तरी ओढून घेते. तेवढ्यानेही भागले नाही, तर बाळ काटकसर सुरू करते. रक्त आधी मेंदूकडे आणि हृदयाकडे वळते. स्नायू, मूत्रपिंडे, आतडी यांच्या वाट्याला उरलेले येते. आईच्या ताटासारखेच.

ही काटकसर जन्मानंतर सहज भरून निघत नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची वाट अडवली आणि माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला. शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिलेल्या आयांची बाळे हलकी जन्मली. ज्यांना ही उपासमार सुरुवातीच्या महिन्यांत सोसावी लागली, त्यांची बाळे वजनाला जवळजवळ नेहमीसारखी होती. पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. म्हणजे जन्मवेळच्या वजनावरूनही सगळे कळत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळे सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. कमतरता जास्त स्नायूंत होती, कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळे, दूधदुभते वारंवार होते त्यांची बाळे भरलेली होती, आणि ज्यांच्यावर शेतातल्या व घरातल्या कष्टांचा भार जास्त, त्यांची लहान. नुसता भात वाढून भागत नाही, हे सासवांनी लक्षात घ्यावे.

प्राणवायूचेही तसेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मुळात प्राणवायू वाहणारेच कमी. त्यात चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. आणि मिश्री! मिश्रीतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. लिहायला संकोच वाटतो, पण मिश्री आपल्या बाकांवर बसणाऱ्या बायकांतही आहे.

लूक सांगतो की एलिझाबेथला सहावा महिना असताना मरिया तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. तिथे तिने काय केले ते त्याने लिहिलेले नाही. पण उतारवयात पहिल्यांदा गरोदर असलेल्या नातलगाच्या घरी कुणी तीन महिने नुसते बसून राहत नाही, असे आम्हाला वाटते. आणि महिने तरी कोणते? सहा महिने संपताना बाळ जेमतेम किलोभराचे असते. बाकीचे वजन पुढच्या तीन महिन्यांत चढते.

गर्भातल्या जिवासाठी आपण प्रार्थना करतो आणि घरी जाऊन पाण्याची घागर तिच्याच कमरेवर देतो, हे आम्हाला पटत नाही. यंदाचा उपवास घरातल्या इतरांनी करावा. नवऱ्याने पाणी भरावे, तिला पहिल्या पंगतीला बसवावे, वाचलेल्या पैशांतून तिच्यासाठी मेथी, राजगिरा, दूध, अंडी यावीत. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या १८० दिवस घ्यायच्या, चहाबरोबर मात्र नाही. इथे कर्नाटकात मातृपूर्णा योजनेतून अंगणवाडीत गरोदर स्त्रीला दुपारचे गरम जेवण मिळते. तिथे जायला आपल्या काही घरांना कमीपणा वाटतो. पहिले दोन-तीन दिवस कुणी सोबत गेले तर तो संकोच जातो. महिला मंडळाने ही सोबत करावी, असे आम्ही येत्या रविवारी मिस्सानंतर मांडणार आहोत.