शकुंतलेचे रूळ कोणाचे?

मूर्तिजापुरास गाडी बदलून अचलपूरला गेलेल्या वाचकांना ‘शकुंतले’चा वेग ठाऊक असेल, तिचा करार मात्र थोड्यांनाच! वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी मुंबईच्या किलिक निक्सन पेढीने १९१० साली कंपनी काढली, तिच्या भांडवलावर ही अडीच फुटी लाईन झाली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार जी.आय.पी. रेल्वे. १९५१ साली जी.आय.पी. मध्य रेल्वेत गेली. रूळ कंपनीचेच राहिले! मालक एक, चालवणारा दुसरा. मग झिजलेल्या रुळांवर पैसा कोणी घालायचा?

हे आठवले, कारण परवा अकोल्याचे एक गृहस्थ सपत्नीक आले. सौर वीज कंपनीला शेत भाडेपट्ट्याने द्यायचे होते. भाड्याचा आकडा पाहून स्वारी खूष!

म्हटले, “भाऊसाहेब, असे प्रकल्प कर्जावर उभे राहतात. कंपनी पट्ट्याचा हक्क बँकेकडे गहाण टाकील, टाकू द्या. जमिनीची मालकी गहाणात जाणार नाही, एवढे स्पष्ट लिहून घ्या. कर्ज थकले तर बँक दुसरी कंपनी आणील. मागचे थकलेले भाडे तिने द्यायचे, हेही घाला.”

“आणि मुदत संपल्यावर ते खांब कोण उपटणार?” वहिनींनी विचारले.

लाखातला प्रश्न! मसुदा पुन्हा चाळला. त्याविषयी अवाक्षर नव्हते. सही दिवाळीनंतरवर गेली.