पाय थांबले, मी नाही!



मी डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. स्टँडच्या अलीकडच्या वळणावर एस.टी. हळू व्हायची. तिथून कॉलेज जवळ. एकदा म्हटलं, गाडी हळूच तर आहे, आणि मारली उडी! पुढच्या क्षणी मी रस्त्यावर पालथा. गुडघे फुटले, डावं मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये. मला ढकललं कुणी? कुणीच नाही!

मग मी पडलो कसा? आधी एक प्रयोग करा. पेल्यावर जुनं पोस्टकार्ड ठेवा, त्यावर मधोमध एक रुपयाचं नाणं. आता कार्डाच्या कडेला जोरात आडवी टिचकी मारा. कार्ड भुर्रकन उडेल आणि नाणं टपकन पेल्यात पडेल. टिचकी बसली कार्डाला. नाणं आपलं जागच्या जागी! आधार गेला म्हणून ते खाली पडलं.

स्थिर वस्तू स्थिर राहते, हे पटकन पटतं. पण चालती वस्तूही आपणहून थांबत नाही बरं का! तुम्ही म्हणाल, "सर, घरंगळणारा चेंडू थांबतो की!" थांबतो, पण जमिनीच्या घर्षणामुळे. कॅरमबोर्डावर पावडर टाकली की सोंगटी किती लांब जाते, आठवा. गॅलिलिओने हे ओळखलं होतं. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचा पहिला नियम मांडला : बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने चालत राहते. वस्तूच्या या गुणाला म्हणतात जडत्व.

आता माझी उडी पाहा. गाडीचा वेग ताशी १८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गाडीबरोबर मीही तेवढ्याच वेगाने जात होतो. जमिनीला टेकताच घर्षणाने पाय थांबले. धड मात्र पुढेच निघालं होतं!

म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. मोटारीत बसलात की पट्टा लावायचा. अचानक ब्रेक लागला तर तुम्हाला थांबवणारं बल तो पट्टाच देतो. आणि पालकांनो, लहानग्याला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. ब्रेक गाडीला लागतो, बाळाला नाही.

जाता जाता एक प्रश्न : सतरंजीला काठीने झोडपलं की धूळ का निघते? घरच्यांशी चर्चा करा. उत्तर पुढच्या अंकात!